‘दोन मोठे, तीन मुलं’ एवढ्यावर क्रूझचं कोटेशन का देत नाही आम्ही

आम्ही क्रूझची बुकिंग करून देतो, आणि रोज एक तरी मेसेज असतोच. "नमस्कार, आम्ही पाच जण, दोन मोठे आणि तीन मुलं, सात रात्रींची क्रूझ, साधारण किती होतील?" आम्ही म्हणतो जन्मतारखा पाठवा. त्यावर उत्तर, "अहो मोठी आहेत सगळी, सोळा, अठरा आणि वीस, तुम्ही अंदाजे सांगा ना." आम्ही अंदाजे सांगत नाही, मग लोक वैतागतात, आणि पुढचे चार दिवस मेसेजांची नुसती ये-जा. फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय म्हणून एकदाच लिहून टाकतोय. क्रूझवर जेवण-राहणं तिकिटात येतं, केबिनचे प्रकार असतात, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

तर मुद्दा असा की घरी वीस वर्षांचा पोरगा ‘मुलगा’च असतो पण जहाजावर तो कोण हे त्याच्या जन्मतारखेवर ठरतं, आणि वय आजचं नाही धरत, जहाज निघायच्या दिवशीचं धरतात. तुम्ही आज मेसेज केला आणि जहाज दहा महिन्यांनी निघणार असेल तर घरातल्या निदान एकाचं तरी वय मधल्या काळात बदलतंच की! आणि नेमकं १७ चं १८ किंवा २० चं २१ झालं की सगळं गणित नव्याने मांडायचं.

उदाहरणच सांगतो. एका कुटुंबाने मुलगी १७ आणि मुलगा १६ असं कळवलं होतं, दोघं टीन क्लबमधे (जहाजावर तेरा ते सतराच्या आसपासच्या पोरांसाठी असतो तो) रमतील या हिशोबाने जहाज निवडलं, पैसे भरले. पासपोर्ट हातात आले तेव्हा कळलं की जहाज निघायच्या आठवडाभर आधी ती १८ ची होतेय. क्लब १७ पर्यंतच. भाऊ आत, बहीण बाहेर, आणि सात रात्री ती आईबाबांबरोबर. यात चूक आमचीही होती, आम्ही तोंडी वय लिहून घेतलं होतं. तेव्हापासून जन्मतारीख आल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही, कितीही जवळचं गिऱ्हाईक असलं तरी.

आता घोडं कुठे कुठे अडतं ते बघा. पहिलं म्हणजे केबिन. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या उत्तर अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजात केबिनमधे २१ पूर्ण झालेली एक तरी व्यक्ती लागते, युरोप किंवा आशियातून निघत असेल तर १८ चालतं. आईवडील शेजारच्याच केबिनमधे असतील तर पोरांना वेगळी केबिन मिळते, पण ते बुकिंग करतानाच जुळवावं लागतं. कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीत २१ च्या आतल्या मुलांबरोबर २५ किंवा जास्त वयाचं नातेवाईक माणूस लागतं, म्हणजे ‘ताई २२ ची आहे, ती धाकट्याला घेऊन जाईल’ हे तिथे चालत नाही. दर महिन्याला कुणीतरी हे विचारतंच.

यावर सगळ्यांना माहीत असलेली युक्ती म्हणजे कागदावर आई एका केबिनमधे, बाबा दुसऱ्या केबिनमधे दाखवायचे आणि जहाजावर गेल्यावर काउंटरवरून जास्तीची की-कार्ड घेऊन आपापल्या सोयीने झोपायचं. आम्हीही करून देतो. फक्त त्यात एक गोम आहे. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने ड्रिंक पॅकेज (आधीच ठराविक पैसे भरून घ्यायची दारूची सोय) घेतलं की त्या केबिनमधल्या प्यायचं वय झालेल्या सगळ्यांना ते घ्यावं लागतं, मग बाबांना पॅकेज हवंय आणि कागदावर त्यांच्याबरोबर २२ वर्षांची, थेंबही न घेणारी लेक आहे, तर तिचेही पैसे भरा. म्हणून आम्ही ‘कोण काय पितं’ असं विचारतो, भोचकपणा म्हणून नाही.

सगळ्यांनी एकाच केबिनमधे राहिलं तर स्वस्त पडतं हे खरंय, कारण पहिल्या दोघांना पूर्ण भाडं आणि तिसऱ्या-चौथ्याला बहुतेक वेळा कमी. पण साधी केबिन असते दीड-दोनशे चौरस फुटांची, बाथरूम एक, आणि तिसरा-चौथा बेड म्हणजे छतातून खाली येणारी बर्थ. दहा वर्षांच्या पोराला ती म्हणजे मज्जा, सहा फुटी पोराला विचारा. आमचा सल्ला म्हणजे आईबाबांना बाल्कनी आणि पॅसेजच्या समोरच्या बाजूला पोरांना खिडकी नसलेली आतली केबिन. तिथे दिवसाही मिट्ट काळोख असतो त्यामुळे दुपारपर्यंत झोपणाऱ्यांची चंगळ, आणि फरकाचा आकडा लोक घाबरतात तेवढा बऱ्याचदा नसतो, दोन्ही हिशोब आम्ही शेजारी शेजारी मांडून देतो. मधे दार असलेल्या केबिन थोड्या असतात, त्या आधी जातात, शिवाय त्या दारातून आवाज ऐकू येतो.

अजून एक, "ऑनलाइन तर केबिन रिकामी दिसतेय, तुम्ही नाही का म्हणता?" केबिन रिकामी असते पण तिसऱ्या-चौथ्या माणसाला जागा नसते. प्रत्येक केबिन एका ठराविक मस्टर स्टेशनला (धोक्याच्या वेळी जमायची जागा) आणि तिथल्या लाइफबोटींना जोडलेली असते, त्या बोटींची क्षमता भरली की त्या भागात जास्तीचा माणूस घेताच येत नाही. यात आमचा काही हात नाही, फक्त लवकर बुकिंग हा उपाय आहे. आणि ऑनलाइन दिसणारा भाव बहुधा एका केबिनमधे दोघं धरून माणशी दाखवलेला असतो, त्यावर टिप माणशी रोजची वेगळी द्यावी लागू शकते, ती १६ वर्षांच्यालाही लागते. आमचा आकडा मोठा वाटतो तो हे सगळं आधीच धरल्यामुळे.

वयाचा खरा पेच १८ ते २० चा. त्रिशंकूच म्हणा. नॉर्वेजियन कंपनीचा ‘आन्तुराज’ क्लब १३ ते १७, कार्निव्हलचा ‘क्लब ओ टू’ १५ ते १७, म्हणजे १८ झाले की क्लब बंद. आणि अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर दारूचं वय २१, म्हणजे बारही बंद. युरोपमधून निघणाऱ्या बऱ्याच जहाजांवर ते १८ आहे. डिस्नेने मात्र १८ ते २० साठी ‘१८२० सोसायटी’ म्हणून वेगळे कार्यक्रम ठेवलेत. कॅसिनो कुठे १८ ला तर कुठे २१ ला. म्हणून १९ वर्षांचं कुणी असेल तर आम्ही जहाज आधी बघतो आणि बंदरं नंतर, कारण बंदरावर दिवसाचे सात-आठ तास, बाकी सगळं जहाजावर. कार्निव्हलच्या ‘मार्डी ग्रा’ जहाजावर २०२१ पासून चक्क रोलर कोस्टर आहे, ‘नॉर्वेजियन ब्लिस’वर गो-कार्टचा ट्रॅक आहे, रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर लाटांवर सर्फिंग करायचं फ्लोरायडर आहे (१८ च्या आतल्यांसाठी पालकांची सही लागते, तुम्ही स्पामधे जाऊन बसाल आणि पोरगं रांगेत उभं राहील असं नको).

१५-१६ च्या मुलांना पहिल्या संध्याकाळी क्लबमधे ढकलाच. नाही म्हणतील, तरी ढकला. त्यांचे ग्रुप पहिल्या रात्री जमतात, तिसऱ्या दिवशी गेलं की सगळे ओळखीचे आणि आपण एकटे, मग पोरं केबिनमधे फोन घेऊन पडून राहतात आणि घरी आल्यावर क्रूझ बोअर होती म्हणून आम्हाला ऐकावं लागतं.

फोनवरून आठवलं, जहाज सुटलं की सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर. समुद्रात फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला गेला तर त्याचं बिल तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमधे बहुधा येत नाही. वायफाय पॅकेज किती डिव्हाइसचं आहे ते बघून घ्या. एकमेकांना शोधायला जहाजाच्या अॅपवरचं चॅट पुरतं.

मस्टर ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं याची तालीम, पोरं टाळतात. २०१२ मधे कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज बुडालं तेव्हा काही प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, ३२ माणसं गेली. आधी प्रवासी चढल्यावर २४ तासांत घेतलं तरी चालायचं, २०१५ पासून जहाज निघायच्या आधी किंवा निघताच घ्यावं लागतं. केबिन वेगळी असेल तर पोरांचं स्टेशन वेगळं असू शकतं, तेव्हा त्यांना स्वतः जायला सांगा.

बंदरावर मोठी मुलं स्वतंत्र फिरणार असतील तर फिरू द्या (१८ च्या आतल्यांना बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाशिवाय उतरू देत नाहीत), पण हातात साधं घड्याळ घालायला सांगा, जहाजाच्या वेळेवर लावलेलं. फोन आपोआप तिथली स्थानिक वेळ दाखवतो आणि ती जहाजाच्या वेळेपेक्षा तासाने मागे असली की संपलं. जहाजाच्या स्वतःच्या टूरवर असाल तर उशीर झाला तरी ते थांबतात, बाहेरची टॅक्सी केली असेल तर थांबत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने चालू हवा. बऱ्याच देशांत लहानपणी काढलेला पासपोर्ट कमी वर्षांचा असतो त्यामुळे १६-१७ च्या मुलांचाच संपायला आलेला सापडतो. १८ च्या आतलं मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजीआजोबांबरोबर येत असेल तर बाकी पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र ठेवा. ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) लागतो आणि जहाज ग्रीसमधून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येतं त्यांनी मल्टिपल एंट्रीच, म्हणजे पुन्हा आत येता येईल असाच, घ्यायचा.

तर आम्हाला एकच मेसेज पाठवा. प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, जन्मतारीख, पासपोर्ट कधी संपतो, आणि कोण कोणाबरोबर एका केबिनमधे राहायला तयार आहे. एवढं आलं की दुसऱ्या दिवशी आम्ही दोन-तीन पद्धतीने केबिन मांडून, डेकच्या नकाशावर खुणा करून पाठवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. बुकिंग दुसरीकडे केलंत तरी चालेल, पण बहुतेक लोक परत येतात.

आणि वीस-बावीस वर्षांच्याचं नाव लिहिण्याआधी त्याला एकदा विचारा. परीक्षा, नोकरी, मित्रांची दुसरी ट्रिप, काहीही निघतं. दोघांच्या केबिनमधून एक जण शेवटच्या महिन्यात गळला की त्याचे पैसे कॅन्सलेशनमधे जातात ते जातातच, वर काही ठिकाणी मागे राहिलेल्या एकट्याला जवळजवळ दोघांचं भाडं लागतं, आणि तो फोन आम्हाला तुम्हाला करावा लागतो.