इरकल की खण? दिसायला जवळ, नेसायला वेगळे

लग्नसराईत बेळगावच्या खडेबाजारात किंवा शहापुरात साडीच्या दुकानात गेलं, की "इरकल-खण दाखवा" ही मागणी हमखास ऐकू येते. दुकानदारही बारीक नक्षीची, लाल पदराची एखादी साडी पुढ्यात टाकतो. दोन्ही नावं जोडीनं येतात याला कारण आहे. इरकल जिथली ते इळकल आणि खण जिथला ते गुळेदगुड्ड, ही दोन्ही विणकरांची गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली; शिवाय आपल्या आज्या इरकल लुगड्यावर खणाचीच चोळी घालायच्या. तरी ही दोन वेगळी कापडं आहेत, आणि स्वतःला काय शोभतं हे शोधणाऱ्या बाईनं त्यांतला फरक ओळखायलाच हवा.

इरकल हे अख्खं वस्त्र. अंग साधं असतं: एकरंगी, बारीक चौकड्याचं किंवा रेघांचं. तिची सगळी ऐट काठात आणि टोप पदरात, म्हणजे लाल रेशमावर पांढरे पट्टे आणि देवळाच्या शिखरांसारखे कंगोरे. अंगाचा ताणा (म्हणजे उभे धागे) वेगळा, पदराचा वेगळा. विणकर एकाचे धागे दुसऱ्याच्या फासात अडकवून दोन्ही जोडतो. या जोडणीला कोंडी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक साडीसाठी ताणा स्वतंत्र लावावा लागतो. खरी इरकल महाग का, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे. पारख सोपी आहे. पदर उजेडात धरा. उभे-आडवे दोन्ही धागे लाल असतील तर कोंडी आहे. उभा धागा अंगाच्याच रंगाचा असेल, तर लाल फक्त आडव्या धाग्याचा. असा पदर थोडा मळकट दिसतो. अशी साडी बहुधा यंत्रमागाची; ती घ्यायला हरकत नाही, फक्त हातमागाचे पैसे मोजू नका.

खण मुळात चोळीचं कापड. पन्हा कमी, दोन्ही कडांना काठ आणि मधे गच्च बारीक नक्षी. ती छापलेली नसते, सुईनं भरलेलीही नसते. विणतानाच जादा उभ्या धाग्यांनी उठवलेली असते. (इरकलवर सुईनं भरतात ती कसुती, ती तिसरीच गोष्ट.) ओटीत नारळाबरोबर त्रिकोणी घडी घालून ठेवतात तो हाच खण. खणाची साडी ही अलीकडची कल्पना: चोळीची नक्षी साडीच्या पन्ह्यावर आणलेली. सुंदर दिसते, पण ती इरकल नव्हे.

नेसताना हा फरक फार कामाचा आहे. इरकल दुरून दिसते: रंगाचा मोठा पट्टा आणि खांद्यावर लाल. खण जवळून दिसतो. म्हणूनच साध्या अंगावर खणाची चोळी इतकी खुलते. खणाच्या साडीवर खणाचाच ब्लाउज घातला, की नक्षी नक्षीत हरवते आणि डोळा कुठेच थांबत नाही. मला विचाराल तर खणाच्या साडीवर साधा सुती ब्लाउज घाला, आणि इरकलवर काठाशी जुळणाऱ्या काठाचा पण मधे वेगळ्या रंगाचा खण. काळ्या चंद्रकळेवर हिरवा किंवा जांभळा खण घालून बघा. सगळंच एका रंगात मॅचिंग करण्याची सवय या कापडांचं फार नुकसान करते.

रोज ऑफिसला जाणारीनं खण थोडाच वापरावा: कुर्त्याच्या गळ्याला पट्टी, एखादं जाकीट, साध्या सुती साडीवर ब्लाउज. पुरुषांच्या बंडीलाही तो छान दिसतो.

सुरुवात करायची तर खणापासून करा. एका चोळीपुरतं कापड घ्यायचं, त्यामुळे खर्च बेताचा, आणि कुठला रंग आपल्या अंगावर उजळतो ते चार वेळा घातल्यावर कळतं. पुढे इरकल घ्यायला जाल तेव्हा तीच चोळी पिशवीत घेऊन जा आणि दुकानाच्या दिव्याखाली नको, दारात उन्हात दोन्ही शेजारी धरून रंग ठरवा.