आमची मोरी आणि चारशे वर्षांची मोरी

म्हापशाच्या बाजारातून आम्ही घरपोच मासळी देतो. मोरी म्हणजे शार्क. चारशे वर्षं जगणाऱ्या शार्कचा एक व्हिडिओ फोनवर फिरू लागल्यापासून पिशवी हातात घेताना बरेच जण विचारतात, "ही चारशे वर्षांची मोरी तर नाही ना?"

नाही. व्हिडिओतली ती ग्रीनलँड शार्क. उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिकच्या गार पाण्यात, कधी दोन हजार मीटरहून खोल राहणारी. आमच्या टोपलीत येते ती बहुतेक वेळा हातभर लांबीची मोरी. ती एक-दोन वर्षांत वयात येते. ग्रीनलँड शार्कच्या मादीला त्यासाठी अंदाजे १५० वर्षं लागतात. हे ऐकून आमच्याकडे मासे कापणारी मावशी म्हणाली, "मग स्थळ बघणारे उरतील तरी का?"

वय कसं काढलं, ते ऐकण्यासारखं आहे. काही शार्कचं वय मणक्यांवरच्या वलयांवरून मोजतात. हिचे मणके इतके मऊ की वलयंच धरत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी डोळा घेतला. हुमणातल्या, म्हणजे कालवणातल्या, माशाच्या डोळ्यातून निघणारा पांढरा, टणक मणी तुम्ही ताटाच्या कडेला ठेवत असाल, तेच भिंग. कांद्यासारखा थरावर थर चढत ते वाढतं. अगदी मधला गाभा पिल्लू आईच्या पोटात असतानाचा, आणि तो पुढे बदलत नाही. त्यातला किरणोत्सारी कार्बन मोजून कोपनहेगन विद्यापीठाच्या ज्युलियस निल्सेन यांच्या गटाने २०१६ मध्ये २८ माद्यांच्या वयाचा अंदाज मांडला. सर्वांत मोठी ५ मीटरची निघाली, वय ३९२. पण १२० वर्षं इकडे किंवा तिकडे. व्हिडिओवाले ही शेवटची गोष्ट गाळतात. तरी कमीत कमी २७२ धरली, तर चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या सुमाराचा तिचा जन्म.

ही सावकाशी थंडीची. पाणी शून्य अंशाच्या आसपास, म्हणून अंगातलं सगळंच मंद. वाढ वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर, पोहणं तासाला सव्वा किलोमीटर. शुक्रवारच्या बाजारात गर्दीतून आपण याहून लवकर पुढे सरकतो.

तिचं ताजं मांस विषारी असतं. आइसलँडमध्ये ते आंबवून, मग महिनोन्‌महिने टांगून वाळवल्यावरच खातात. आपल्या मोरीचं दुखणं वेगळं. तिच्या मांसात युरिया असतो, आणि बर्फ कमी पडला की त्याचा अमोनिया होतो. आंबट-तीक या कालवणातली सोलं (आमसुलं) थोडासा वास घालवतात, पण नाकाला झोंबणारी मोरी त्यांनी सुधारत नाही. गेल्या एप्रिलच्या उकाड्यात आमच्याच पेटीतला बर्फ वितळला आणि सहा पिशव्या परत आल्या. तेव्हापासून मोरीची पेटी वेगळी ठेवतो.

पिशवी उघडताच तसा वास आला तर शिजवू नका. त्याच दिवशी परत पाठवा. पैसे किंवा दुसरी मासळी देऊ. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा आमच्याकडे मोरी सुकीच मिळेल.