टोपी लावली की डिपर मरतो

मामांच्या पद्मिनीची, म्हणजे जुन्या फिॲट मोटारीची, डिकी साफ करताना जॅकच्या खाली एक जुना बनियन सापडला आणि त्यात गुंडाळलेल्या दोन टोप्या. गोल हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर बसणारा, अर्धचंद्राच्या आकाराचा, क्रोम केलेला पत्रा. दुकानात याला ‘हेडलाइट कॅप’ म्हणतात, मामा ‘पापण्या’ म्हणतात. लावल्या की गाडी नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसते, त्यामुळे मामांचाच शब्द मला जास्त पटतो.

बाहेरून टोपी अजून लखलखीत होती. आतल्या काठाला मात्र गंजाची तपकिरी रेघ धरलेली. गंज नेमका तिथेच का? पावसाचं पाणी टोपी आणि हेडलाइटची रिम यांच्यामधल्या बारीक फटीत अडकतं आणि दिवसेंदिवस वाळत नाही. शिवाय ज्याला आपण क्रोम म्हणतो तो थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. तो फक्त चकाकीपुरता. पत्र्याला खरं सांभाळतं ते त्याखालचं निकेल. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की पाणी थेट लोखंडाला भिडतं.

“लावू का?” मी विचारलं.

“दिवसा लाव. रात्री काढून ठेव. आमचा मिस्त्री म्हणायचा, टोपी लावली की अप्पर चालतो, डिपर मरतो.”

अप्पर म्हणजे लांबवर जाणारा सरळ झोत, डिपर म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून खाली वळवलेला. मला हे गॅरेजमधलं पुराण वाटलं. टोपी उजेड अडवणार हे उघड आहे, पण अडवायचा तर दोन्हींचा सारखाच अडवेल. कुठला उजेड अप्परचा आणि कुठला डिपरचा हे पत्र्याला काय कळतं? तर रात्री सोसायटीच्या मागच्या भिंतीसमोर, सात-आठ मीटरवर गाडी उभी केली आणि एका हेडलाइटवर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा धरला.

अप्पर लावून वरचा अर्धा भाग झाकला. माझी अपेक्षा होती की भिंतीवरच्या उजेडाचा अर्धा तुकडा गायब होईल. तसं झालं नाही. ठिपका बराचसा होता त्याच आकाराचा राहिला, फक्त मंद झाला. मग डिपर टाकला आणि भिंतीवर जवळजवळ काहीच उरलं नाही. पुठ्ठा खाली सरकवून खालचा अर्धा भाग झाकला, तर डिपर जसाच्या तसा! मिस्त्री बरोबर होता.

कारण दिव्याच्या पोटात आहे. हेडलाइटचा रिफ्लेक्टर म्हणजे परवलयाच्या आकाराची चकचकीत वाटी. तिच्या नाभीवर तार ठेवली की वाटीच्या प्रत्येक भागावरून परतणारे किरण एकमेकांना समांतर जातात. म्हणजे वाटीचा वरचा भाग रस्त्याचा वरचा भाग उजळतो असं नसतं. वाटीचा कोपरा न् कोपरा दूरच्या त्याच ठिपक्यात आपापली भर घालत असतो. अर्धी वाटी झाकली तर निम्मे कामगार घरी गेले एवढंच, काम सगळ्या जागी चालू राहतं. भिंगाचा अर्धा भाग झाकला तरी चित्र पूर्णच उमटतं, त्यातलाच हा प्रकार.

डिपरची गोष्ट वेगळी. अप्पर आणि डिपर या दोन्ही तारा एकाच बल्बमध्ये असतात. ही दोन तारांची युक्ती १९२० च्या दशकात युरोपात निघाली आणि पुढे १९७१ मध्ये आलेल्या एच-४ हॅलोजन बल्बनेही तीच उचलली. डिपरची तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्या पोटाखाली पत्र्याची एक इवलीशी पळी असते. जुना एच-४ बल्ब हातात घेऊन बघा, काचेतून ती पळी स्पष्ट दिसते. तारेचा खाली जाणारा उजेड ही पळी अडवते. त्यामुळे डिपरचा उजेड फक्त वाटीच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. खालच्या अर्ध्या भागावर तो पडला असता, तर वर उसळून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. म्हणजे डिपरच्या वेळी कामावर फक्त वरची अर्धी वाटी असते. आणि आपली टोपी बरोबर तिलाच झाकते.

गंमत अशी की या टोप्यांची मूळ हौस अमेरिकेतली, आणि तिथे हे दुखणं एवढं नव्हतं. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून सीलबंद हेडलाइट आले. काच, रिफ्लेक्टर, तार सगळं एकाच तुकड्यात, आकार सात इंच, गोल, प्रत्येक गाडीला दोन. त्याआधी रिफ्लेक्टरवर चांदीचा मुलामा असायचा. घरातल्या चांदीच्या भांड्यांसारखा तोही हवेने काळवंडायचा आणि दिवा म्हातारा व्हायचा. सीलबंद दिव्यात काचेवर ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असे आणि आत हवाच जात नसे. दिवे सुधारले, पण सगळ्या गाड्यांचे डोळे एकसारखे झाले. कॅडिलॅक असो की साधी शेवरले, मध्ये तीच सात इंची काच. माझ्या मते टोप्या, रिमा आणि पापण्यांचा बाजार फुलला तो इथेच. एक माप सगळ्यांना बसतं म्हटल्यावर दुकानदाराला आणखी काय हवं! त्या अमेरिकन दिव्यांत पळी नव्हती, त्यामुळे टोपीने अप्पर आणि डिपर दोन्ही सारखेच मंद व्हायचे. फिॲट आणि अँबॅसॅडरच्या मालकांनी हौस अमेरिकेची उचलली, दिवे मात्र युरोपच्या वळणाचे होते.

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आलं असेल, पण डोळा फसवा असतो. उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला तो ‘थोडासा कमी’ वाटतो. हिशेब मात्र फसवत नाही. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. दिवा निम्मा झाला, तर पूर्वी १०० मीटरवर जेवढा उजेड मिळायचा तेवढा आता सुमारे ७१ मीटरवरच मिळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने मधले २९ मीटर पावणेदोन सेकंदांत संपतात. ब्रेकवर पाय जायलाच सेकंदभर लागतो.

सगळ्याच टोप्यांना एका माळेत ओवायला नको. काचेवर न बसता तिच्या वरच्या काठावरून छज्जासारखी पुढे येणारी टोपीही मिळते. ती समांतर किरणांना हातच लावत नाही. पाच सेंटिमीटरचा छज्जा काचेच्या मध्यातून निघालेले फक्त साठ-एक अंशांहून चढे किरण अडवतो, आणि ते तसेही आभाळालाच जाणार असतात. धुक्यात किंवा धो-धो पावसात असा भरकटलेला उजेड बॉनेटसमोरच्या थेंबांवरून उलटून ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतो. छज्जा त्यातला थोडा कापतो. उपकार मोठा नाही, पण अपकार तर नक्कीच नाही.

दिव्यांवर टोप्या सक्तीने चढवल्या त्या युद्धाने. १ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट सुरू झाला. मोटारींच्या हेडलाइटवर पत्र्याचे मुखवटे आले, त्यांत आडव्या फटी आणि प्रत्येक फटीवर वर जाणारा उजेड अडवणारी छोटी झापड. विमानांना गाड्या दिसेनाशा झाल्या आणि पायी चालणाऱ्यांनाही. त्या महिन्यात रस्त्यावरच्या मृत्यूंची संख्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या दुपटीच्या आसपास गेली. आपल्याकडे १९७१ च्या युद्धात मुंबईतल्या गाड्यांचे हेडलाइट वरून अर्धे काळे रंगवले जात. डिपरचं काय झालं असेल ते आता सांगायला नको.

सौंदर्यासाठी उजेड खर्च करण्यात पहिला नंबर मी जॅग्वार ई-टाइपला देईन. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या या गाडीचा आकार माल्कम सेयर यांचा, आणि ते आधी विमानांच्या कारखान्यात होते. हेडलाइट खोबणीत आत बसवलेले आणि वरून बॉनेटच्या उतारात मिसळून गेलेली तिरकी काच. हवा घसरून जाते, नजरही घसरते. पण काचेवर उजेड समोरून पडला तर दोन्ही पृष्ठभागांवर मिळून सुमारे आठ टक्के परत फिरतो. काच एवढी तिरकी केली की किरण ७० अंशांच्या कोनात पडावेत, तर चौथ्या हिश्श्याहून जास्त उजेड आतच राहतो. आत म्हणजे कुठे? इकडून तिकडे उसळत, चकाकी वाढवत. पुढे अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी, दिवा चालू असताना त्याच्यासमोर जाळी, आवरण, शोभेची वस्तू काहीही असता कामा नये असं ठरवलं. १९६७ मध्ये ई-टाइपची काच गेली. दिवा लागला की झाकण उघडणारे लपते हेडलाइट मात्र नियमात बसत होते, त्यामुळे त्यांची चलती राहिली.

पिवळ्या काचेचंही असंच. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट कायद्याने लावावे लागत. आपल्याकडे खंडाळ्याच्या धुक्यासाठी ट्रकवाले पिवळा जिलेटीन कागद चिकटवायचे. पिवळा उजेड धुकं भेदतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. आभाळ निळं दिसतं ते हवेच्या सूक्ष्म रेणूंमुळे, ते निळा रंग जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब त्यांच्यापुढे डोंगराएवढे. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. निळा भाग गाळल्यामुळे डोळ्याला चुरचुर थोडी कमी होते हे खरं, पण त्यासाठी थोडा उजेड द्यावा लागतो.

आणि आपला काळा ठिपका? हेडलाइटच्या काचेच्या मधोमध काढलेला हा ठिपका नसला की आरटीओच्या पासिंगला अडचण यायची. सात इंची काचेवर चार सेंटिमीटरचा ठिपका म्हणजे क्षेत्रफळाच्या पाच टक्के. त्यातही वाटीच्या मध्यभागी बल्बसाठी भोकच असतं, तिथून परतणारा उजेड जवळपास नाहीच. बल्बचा थेट डोळ्यांत जाणारा उजेड तेवढा अडतो, आणि एच-४ बल्बच्या टोकाला तर त्यासाठी कारखान्यातूनच काळं फासलेलं येतं. म्हणजे हेडलाइटवरच्या साऱ्या लेण्यांत सर्वांत स्वस्त हेच, नजर लागू नये म्हणून लावलेल्या तिटेइतकं.

मागच्या रविवारी पद्मिनी लोणावळ्याला नेली. टोप्या लावून, अर्थात. मामांना दोन ठिकाणी लोकांनी थांबवून फोटो काढले आणि त्यांनी दोन्ही वेळा आधी बाहीने क्रोम पुसलं. परतताना सहाच्या सुमारास चहाला थांबलो, तर कप अर्धा ठेवून ते उठले. खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला, गाडीपुढे उकिडवे बसले आणि एकेक टोपी सोडवून बनियनमध्ये गुंडाळू लागले.