हिवाळी विषयनियोजन, शिशुवर्गातील

तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत (बालवाडी, अंगणवाडी, शिशुवर्ग, बालवाटिका) दिवाळीच्या सुटीनंतरच्या तीन-साडेतीन महिन्यांसाठी ऋतूला धरून विषय ठरवण्याची आणि गप्पा, बडबडगीते, हस्तकाम, खाऊ, परिसरभेट त्या विषयाभोवती गुंफण्याची पद्धत. मराठी बालवाड्यांत याला ‘प्रकल्प’ म्हणतात, इंग्रजी माध्यमात ‘थीम’. या नोंदीतील तपशील मुख्यतः नाशिक शहर आणि जिल्ह्याला लागू पडतात.

उगम : पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. एक मत तिचे मूळ जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलकडे नेते. त्याने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे बालसंस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. तेथे मुलांकडे बागेतले वाफे सोपवले जात, त्यामुळे पेरणी-उगवण-काढणी हा ऋतुक्रम आपोआप शिक्षणात आला. मात्र वाफे राखणे वेगळे आणि आठवड्याचे सगळे उपक्रम एका विषयाभोवती बांधणे वेगळे. दुसरे मत जर्मन शिक्षणविचारवंत हर्बार्टचा अनुयायी त्सिलर याच्या केंद्रीकरणाच्या (सारे पाठ्यविषय एका गाभ्याशी जोडण्याच्या) कल्पनेकडे बोट दाखवते, पण तिचा रोख थोरल्या मुलांच्या पाठ्यविषयांवर होता. बेल्जियन शिक्षणतज्ज्ञ ओव्हिद डेक्रोली याने १९०७ मध्ये ब्रुसेल्स येथे काढलेल्या शाळेतील ‘आवडीची केंद्रे’ आजच्या पद्धतीला सर्वांत जवळची वाटतात. अन्न मिळवणे, ऊन-थंडीपासून बचाव करणे, संकटांपासून रक्षण करणे आणि काम करणे अशा चार गरजांभोवती त्याने अभ्यासक्रम रचला. आधी निरीक्षण, मग सांगड, मग अभिव्यक्ती हा त्याचा क्रमही बालवाडीच्या दिनक्रमात ओळखू येतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकच्या १९१८ मधील प्रकल्पपद्धतीचे नाव आपल्याकडे अधिक घेतले जाते, तरी थंडीपासून बचाव हा विषय थेट डेक्रोलीच्या चौकटीत बसतो.

भारतात ही धारा कोणत्या वाटेने आली, हा वेगळा प्रश्न. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला सुरू केलेले बालमंदिर आणि १९२६ मध्ये स्थापन झालेला नूतन बालशिक्षण संघ यांचा पाया मॉन्टेसरीचा होता. मॉन्टेसरी पद्धतीत मूल आपले साधन आपण निवडते, त्यामुळे साऱ्या वर्गाला एकच विषय देणे तिच्या प्रकृतीला मानवत नाही. १९३७ नंतरच्या, गांधीजींच्या नई तालीममधील ‘समवाय’ हा विचार मात्र काम आणि परिसर यांच्याभोवतीच ज्ञान उभे करतो. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, माती वापरली. या कामात मॉन्टेसरी आणि समवाय या दोन्ही धारा मिसळलेल्या दिसतात. महाराष्ट्रातील बालवाडीचे ऋतुविषय या मिश्रणातून आले असावेत, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी गावोगावी पोचली आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने तीन ते आठ वर्षांचा सलग टप्पा मानला.

कालमर्यादा : पंचांगाप्रमाणे हेमंत म्हणजे मार्गशीर्ष-पौष आणि शिशिर म्हणजे माघ-फाल्गुन. तीन ऋतूंच्या ढोबळ हिशेबात हिवाळा कार्तिक ते माघ असतो, तर हवामान खाते फक्त जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा म्हणते. नियोजनाला यांपैकी एकही मर्यादा तंतोतंत सोयीची नाही. दिवाळीची सुटी संपल्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ धरणे व्यवहार्य ठरते, थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते तोवर. कागदावर हे बारा-चौदा आठवडे भरतात. त्यांतले दोन-तीन स्नेहसंमेलनाच्या तालमीत जातात, हे धरूनच विषय आखावेत. तालमीच्या आठवड्यात नवा विषय सुरू करू नये.

हवामान आणि दिनक्रम : नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असतो, निफाडकडे आणखी उतरतो, आणि दुपारी तोच २६ ते २९ अंशांवर जातो. म्हणजे मूल स्वेटर घालून येते आणि घामेजून घरी जाते. कापसाचा बर्फ, हिममानव, पेंग्विन हे छापील संचांतले नमुने शहरातल्या अनेक वर्गांत भिंतीवर दिसतात; त्यांतले एकही या मुलाच्या अनुभवातले नाही. सकाळ आणि दुपार यांतला फरक हाच इथल्या हिवाळ्याचा गाभा धरावा.

२०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याच्या सूचना आहेत. म्हणून थंडीची निरीक्षणे पहिल्या अर्ध्या तासातच उरकावी लागतात. नऊला तोंडातून वाफ निघताना क्वचितच दिसते. रात्रभर बाहेर ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीवर ‘हाऽऽ’ केले, की मात्र धुके लगेच उमटते आणि पुसतही जाते. पाण्याचे खेळ आणि बोटांनी रंगवणे अकरानंतर घ्यावे. मातीकामाला कोमट पाणी घ्यावे, नाहीतर उललेले हात झोंबतात.

स्वेटर हेच वर्गातले पहिले साधन. साखळीची (चेन) खालची जोडणी ताईने करून द्यावी, वर ओढणे तीन वर्षांच्या मुलाला जमते. दोन-अडीच सेंटिमीटरची बटणे चार वर्षांच्या सुमारास जमू लागतात. साडेदहाला स्वेटर काढणे, बाह्या आत दुमडून घडी घालणे, आपल्या चिन्हाच्या खणात ठेवणे हा रोजचा दहा मिनिटांचा उपक्रम धरावा. कॉलरला नावाची पट्टी शिवलेली नसेल तर जानेवारीअखेर वर्गात बेवारस स्वेटरांचा ढीग होतो.

खोबरेलाचा प्रयोग : दोन पारदर्शक बाटल्यांत प्रत्येकी ५० मिली तेल घ्यावे, एकीत शुद्ध खोबरेल, दुसरीत शेंगदाणा तेल. रात्री खिडकीबाहेर ठेवावे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, शेंगदाणा तेल नाशिकच्या थंडीत पातळच राहते. सकाळी मुलांनी दोन्ही बाटल्या आडव्या करून पाहाव्यात. मग खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी. कडेने आधी वितळून मधला पांढरा गोळा सुटा होतो आणि हलवली की आत फिरतो. मुलांचे लक्ष सर्वांत जास्त इथे खिळते. प्रयोग फसतो तो बहुधा तेलामुळे. सुवासिक केशतेलात खनिज तेल मिसळलेले असते, ते थिजत नाही. दुसरे कारण बंद खोली : सिमेंटच्या खोलीत रात्रीही बावीस-तेवीस अंश राहिले तर नुसता गढूळ लगदा मिळतो.

पेरणी : गहू आणि मेथी सोयीची. ३० × २० सेंमीच्या, तळाला भोके असलेल्या तबकात पाच सेंमी माती आणि रात्रभर भिजवलेले ५० ग्रॅम गहू पुरतात. नवरात्रातल्या घटात तीन-चार दिवसांत दिसणारे कोंब डिसेंबरच्या थंडीत पाच-सात दिवस घेतात. ‘सोमवारी पेरू, शुक्रवारी पाहू’ हा आराखडा इथेच कोलमडतो. गुरुवारी पेरावे. पाणी रोज एकाच मुलाने, एकच वाटी घालावे. सगळ्यांनी घातले की दाणे कुजतात. बियाणे वाण्याकडचे घ्यावे. कृषी सेवा केंद्रातील गुलाबी-लाल रंगाच्या बियाण्यावर बुरशीनाशक असते, ते मुलांच्या हाती देऊ नये.

सावली : एक मीटरच्या काठीची सर्वांत आखूड सावली २२ डिसेंबरला नाशिकमध्ये सुमारे ९५ सेंमी, तर जानेवारीअखेर ७७ सेंमीच्या आसपास भरते. ही वेळ बाराची नव्हे. डिसेंबरात ती साडेबाराच्या पुढे आणि जानेवारीअखेर पावणेएकनंतर येते, म्हणजे मुले घरी गेल्यावर. त्यामुळे एकाच सकाळी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा सुतळीने सावली मोजून दोन्ही सुतळ्या शेजारी लावाव्यात. महिन्यांची तुलना या वयाला पेलत नाही.

संक्रांत : वीस मुलांसाठी २५० ग्रॅम भाजून भरड वाटलेले तीळ, २०० ग्रॅम किसलेला साधा गूळ, १२५ ग्रॅम दाण्याचा कूट आणि दोन चमचे तूप. २५ ग्रॅमचे बावीस-तेवीस लाडू होतात. पाक करू नये. गरम गुळाचा चटका खोल बसतो, आणि चिक्कीचा गूळ वापरला तर लाडू दगड होतो. मिश्रण सुटत असेल तर आणखी अर्धा चमचा तूप पुरते. तीळ आणि शेंगदाण्याची ॲलर्जी पालकांना आधी विचारावी.

बोरन्हाणात बोरे, हरभरे, हलवा, उसाचे करवे डोक्यावरून ओततात आणि मुले ती वेचून तोंडात टाकतात. अख्खे दाणे आणि बोराची आठळी लहान गटात घशात अडकण्याचा धोका असतो. तेथे चुरमुरेच घ्यावेत. फेब्रुवारीतल्या द्राक्षांनाही हाच नियम, मणी उभे चिरून चार फोडी कराव्यात.

पतंगाला येवल्याच्या आसारीचे (मांजा गुंडाळायच्या फिरकीचे) आकर्षण असले तरी शिशुवर्गात २० सेंमीचा चौकोनी कागद, खराट्याचे हीर, ६० सेंमीचे शेपूट आणि शिवणाचा सुती दोरा एवढेच असावे. बांबूच्या कामटीच्या कुसळी बोटात जातात. नायलॉन मांजा बंदी असलेला आहे, नमुना म्हणूनही वर्गात आणू नये.

परिसरभेट : नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ (२०२०). पट्टकदंब, बदके, क्रौंच तेथे हिवाळ्यात येतात. पण दुर्बिणीतून दूरचा पक्षी पाहणे चार वर्षांच्या मुलाला साधत नाही, आणि बसप्रवासातच ते दमते. शाळेच्या मैदानावर उतरणारा धोबी हा पाहुणा पक्षी त्याहून उपयोगी. तो सतत शेपूट खालीवर हलवतो, त्यामुळे मुले एका दिवसात ओळखतात आणि नक्कलही करतात. शिरीषाच्या वाळलेल्या, खुळखुळणाऱ्या शेंगा आणि फेब्रुवारीतली फुललेली सावर यांसाठी कुंपणाबाहेर फार लांब जावे लागत नाही. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथ यात्रेच्या दिंड्या त्र्यंबक रस्त्याने जातात. रस्त्यालगतच्या वर्गांनी टाळ, पताका, पायी चालणे असा दोन दिवसांचा विषय घ्यावा, इतरांनी तो ओढूनताणून आणू नये.

स्थलांतर : दिवाळीनंतर पेठ, सुरगाणा भागातील कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. गावाकडची हजेरी घटते आणि बागांजवळच्या अंगणवाडीत नवी मुले येतात. अशा ठिकाणी विषयाचे तीन दिवसांत पुरे होणारे तुकडे करावेत. थंडीपासून मणी तडकू नयेत म्हणून बागेत पेटवलेल्या शेकोट्या आणि पहाटे दिलेले पाणी या मुलांनी पाहिलेले असते. ताईने त्यांना विचारावे, चित्र नंतर दाखवावे. घाटावरच्या गावांसाठी नागलीची (नाचणीची) मळणी आणि खुरासणी (कारळे) हे विषय अधिक जवळचे आहेत. त्यांवरची छापील चित्रे सहसा मिळत नाहीत. कणसे आणि बोंडेच जमवून टोपलीत ठेवावी लागतात.