पू न होणारी जखम

जखमेत पू झाला की घरात काळजी सुरू होते आणि जखम कोरडी राहिली की सगळे निर्धास्त होतात. रक्ताच्या रिपोर्टबद्दलही असाच एक पक्का समज आहे: पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितकी प्रतिकारशक्ती भक्कम. हे दोन्ही समज एका फटक्यात खोटे ठरवणारा एक आनुवंशिक आजार आहे. ल्युकोसाइट अ‍ॅढिजन डेफिशियन्सी (पांढऱ्या पेशींना चिकटता न येणं), डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'लॅड'. त्याचा नेहमी आढळणारा पहिला प्रकार साधारण दहा लाखांत एका बाळाला होतो.

चित्र असं दिसतं. बाळ तीन-चार आठवड्यांचं झालं तरी नाळ पडलेली नसते. बेंबीभोवतीची कातडी लाल होते, मग निळसर काळी पडते आणि तिथे खोल व्रण होतो. गुदद्वाराशी, कानामागे, इंजेक्शन दिलेल्या जागी तसेच व्रण उठतात. पू मात्र कुठेच नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली तर पांढऱ्या पेशी चाळीस-पन्नास हजार, संसर्ग जोरात असला तर लाखाच्याही पुढे, आणि त्यात बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. साहजिकच पहिली शंका रक्ताच्या कर्करोगाची येते. अस्थिमज्जा तपासली तर ती निरोगी निघते, फक्त कामाला जुंपलेली.

पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेले न्यूट्रोफिल. पू नाही याचा अर्थ ते जखमेपर्यंत पोचलेच नाहीत. रक्तात लाखभर असूनही त्यांना रक्तवाहिनीच्या बाहेर पडता येत नाही. जंतू बाहेर, कातडीत आणि स्नायूत असतात.

आता हे बाहेर पडणं कसं घडतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. निरोगी माणसाची अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल रक्तात सोडते. केशवाहिन्यांच्या लगेच पुढे ज्या बारीक शिरा लागतात, बाहेर पडायचं मुख्य ठिकाण त्या. आसपास जंतू शिरले की ऊतींमधल्या पेशी हिस्टामिन, टीएनएफ, इंटरल्युकिन-१ अशी रसायनं सोडतात. त्यांच्या इशाऱ्याने शिरेच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. पी-सिलेक्टिन आधीच तयार असतं, त्यामुळे ते काही मिनिटांत पृष्ठभागावर येतं. ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, त्याला काही तास लागतात. न्यूट्रोफिलच्या अंगावर फ्युकोज ही शर्करा असलेली एक साखळी असते. सिलेक्टिन तिला पकडतं, पण सैल. एक बंध तुटतो तोवर पुढचा जुळतो आणि पेशी अस्तरावरून गडगडत जाते. चालत्या लोकलमधून फलाटावर उतरणारा माणूस चार पावलं गाडीच्या दिशेने धावतो, तसंच हे: वेग मारल्याशिवाय थांबता येत नाही. या बंधांचा आणखी एक नमुनेदार गुण म्हणजे थोडा ताण पडला की ते सुटण्याऐवजी जास्त घट्ट होतात. रक्ताचा प्रवाह मंदावला तर उलट पकड ढिली पडते.

पण गडगडणं म्हणजे थांबणं नव्हे. थांबवण्याचं काम इंटिग्रिनचं. न्यूट्रोफिलच्या पटलावर एलएफए-१ आणि मॅक-१ ही दोन इंटिग्रिन एरवी वाकून, मिटून बसलेली असतात. अस्तरावर चिकटलेल्या इंटरल्युकिन-८ने पेशीला स्पर्श केला की पेशीच्या आतून टॅलिन आणि किंडलिन-३ ही प्रथिनं इंटिग्रिनच्या शेपटीला जाऊन धरतात. त्यासरशी इंटिग्रिन ताठ उभं राहतं, त्याचं डोकं उघडतं आणि अस्तरावरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट पकडतं. हे सारं सेकंदाच्या आत. पेशी थांबते, चपटी होते, अस्तराच्या दोन पेशींमधली फट शोधते आणि बाहेर सरकते.

एलएफए-१ आणि मॅक-१ दोन-दोन साखळ्यांची बनलेली असतात. अल्फा साखळी प्रत्येकाची वेगळी, बीटा साखळी मात्र एकच: सीडी१८. तिचं जनुक, आयटीजीबी२, एकविसाव्या गुणसूत्रावर असतं आणि लॅडच्या पहिल्या प्रकारात तेच बिघडतं. सीडी१८ नसेल तर अल्फा साखळ्या पेशीतच अडकून नष्ट होतात, पटलापर्यंत येतच नाहीत. म्हणजे एक जनुक बिघडलं आणि इंटिग्रिनचं अख्खं कुटुंब गेलं. त्यात मॅक-१ हेच जंतूवर खुणेसारखं बसलेलं पूरक प्रथिन (कॉम्प्लिमेंट) ओळखून त्याला गिळायला मदत करतं, त्यामुळे ज्या थोड्या पेशी पोचतात त्याही अर्धवट काम करतात. फुफ्फुसं इथे अपवाद आहेत. तिथे सीडी१८ शिवायही न्यूट्रोफिल काही प्रमाणात बाहेर पडू शकतात.

मग रक्तात संख्या इतकी का फुगते? बाहेर जाता न आल्याने साचतात, हे अर्धंच उत्तर झालं. एरवी ऊतींत गेलेले न्यूट्रोफिल तिथेच मरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी त्यांना खातात. खाल्लं की मॅक्रोफेज इंटरल्युकिन-२३ कमी सोडतात, त्यामुळे इंटरल्युकिन-१७ कमी होतं, त्यामुळे न्यूट्रोफिल बनवायला लावणारं जी-सीएसएफ कमी होतं आणि अस्थिमज्जेला हात आवरण्याचा निरोप जातो. लॅडमध्ये ऊतींत खायला न्यूट्रोफिलच नाहीत. निरोप निघतच नाही आणि उत्पादन चालू राहतं. वर इंटरल्युकिन-१७ चा पूर हिरड्यांना भोवतो. या मुलांचे दात लवकर हलू लागतात, जबड्याचं हाड झिजतं आणि नुसत्या अँटिबायोटिकने ते थांबत नाही. २०१७ साली अशा एका रुग्णाला इंटरल्युकिन-२३ अडवणारं उस्टेकिनुमॅब हे औषध दिलं तेव्हा हिरड्यांची सूज उतरली आणि पाठीवरचा जुनाट व्रणही भरला.

लॅडच्या दुसऱ्या, फारच दुर्मिळ प्रकारात बिघाड फ्युकोजच्या वाहतुकीत असतो. पेशीवर ती शर्कराच बसत नाही, म्हणून गडगडणंच होत नाही. लाल पेशींवरचं रक्तगटाचं एच प्रतिजनही फ्युकोजवरच उभं असल्याने या मुलांचा रक्तगट 'बॉम्बे' निघतो, १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला तोच. एरवीच्या बॉम्बे गटाच्या लोकांनी घाबरू नये. त्यांच्यात फक्त एच प्रतिजन बनवणारं विकर नसतं. न्यूट्रोफिलवरचं फ्युकोज जागच्या जागी असतं.

गोठ्यातही हा आजार आहे. होल्स्टीन गाईंमध्ये याच सीडी१८ मधलं एक अमिनो आम्ल बदललं आणि ऑसबोर्नडेल आयव्हॅनहो नावाच्या एका अमेरिकी वळूच्या वंशातून, कृत्रिम रेतनामुळे, जगभर पसरलं. म्हणून आता भारतातही रेतनासाठीच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) वळूची या जनुकासाठी तपासणी होते.

आता कामाचं. नाळ बहुधा पाच ते पंधरा दिवसांत पडते. देठाशी न्यूट्रोफिल जमून ऊती विरघळवतात, तेव्हा ती सुटते. तीन आठवडे झाले तर डॉक्टरांना दाखवावं. उशिरा नाळ पडणाऱ्या बहुतेक बाळांना लॅड नसतो; सिझेरियननंतर किंवा जंतुनाशक वारंवार लावल्यानेही उशीर होतो. पण उशिराबरोबर बेंबीचा संसर्ग आणि फुगलेली संख्या असेल तर थांबू नये. नाळेवर हळद, राख, तेल, शेण यांतलं काहीही लावू नये. कोरडी, उघडी ठेवावी, लंगोट तिच्या खाली दुमडावा. व्रणाला 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावण्यात गेलेला आठवडा परत मिळत नाही. आणि 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' काढ्यांनी पेशी वाढतात असं घटकाभर मानलं, तरी इथे पेशींचा तुटवडा नाहीच.

तपासणी सोपी आहे. जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत दोन मिलिलिटर रक्त, बर्फात न ठेवता, २४ तासांच्या आत फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरची प्रथिनं मोजण्याच्या) प्रयोगशाळेत पोचायला हवं. न्यूट्रोफिलवर सीडी१८ दोन टक्क्यांहून कमी असेल तर आजार तीव्र, दोन ते तीस टक्के असेल तर मध्यम. परळला केईएमच्या आवारात असलेल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत ही तपासणी होते. चकवा एकच. तिसऱ्या प्रकारात किंडलिन-३ बिघडलेलं असतं, सीडी१८ भरपूर दिसतं आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. संसर्गाच्या जोडीला अंगावर रक्ताचे ठिपके आणि रक्तस्राव असतील तर जनुक तपासणी मागावी, कारण प्लेटलेटचं इंटिग्रिनही किंडलिन-३ शिवाय उघडत नाही.

तीव्र प्रकारात प्रत्यारोपण न झालेली बहुतेक मुलं दोन वर्षांच्या आत दगावतात. तोवर शिरेतून अँटिबायोटिक, संसर्ग टाळण्यासाठी रोजचं कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक आणि दातांची निगा यांवर वेळ काढायचा. रक्त द्यावं लागलंच तर ते विकिरण केलेलं हवं. कायमचा इलाज मूळ पेशींचं प्रत्यारोपण. बाळाच्याच मूळ पेशींत लेंटिव्हायरस या वाहक विषाणूने निरोगी जनुक घालण्याच्या चाचणीत नऊ मुलं होती आणि वर्षभरानंतर नऊही जिवंत होती, तीही प्रत्यारोपणाशिवाय.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भात धोका चारात एक. मामेबहीण-आतेभाऊ लग्नांत दोघांकडे तोच बिघडलेला जनुक असण्याची शक्यता वाढते. पुढच्या गर्भाची तपासणी दहा ते तेरा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा काढून करता येते, पण त्यासाठी पहिल्या बाळातला नेमका बदल आधी माहीत असावा लागतो. म्हणून बाळ अत्यवस्थ असलं तरी जनुक तपासणीसाठी दोन मिलिलिटर रक्त त्याच वेळी बाजूला काढून ठेवायला सांगावं.