पूर ओसरल्यावर दमा का उसळतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. जनावरं, धान्य, पीक, घर यांचे पंचनामे होतात. वाहून गेलेल्या दम्याच्या पंपाची नोंद कुणी घेत नाही, आणि खरा घोटाळा तिथंच होतो.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ब्युडेसोनाइडसारखं स्टिरॉइड रोज पंपातून घेतलं की ती दबलेली राहते. औषध सुटलं तरी त्याच दिवशी त्रास होईलच असं नाही. काही दिवस माणूस बरा असतो, मग सूज हळूहळू परत येते. नेमकी त्याच सुमाराला पूर ओसरून गाळ काढायची वेळ येते. ओल्या भिंतीवर, गादीवर एक-दोन दिवसांत बुरशी धरते, वाळलेला गाळ धूळ होऊन उडतो, आणि छाती भरते. दोष धुळीला दिला जातो. माझ्या मते रोजचा पंप तुटणं हे तितकंच मोठं कारण आहे.

युद्धातही हेच घडतं. गाझात कोसळलेल्या इमारतींची सिमेंटची धूळ आहे, इंधनाअभावी लाकूड आणि प्लॅस्टिक जाळून केलेल्या स्वयंपाकाचा धूर आहे, आणि औषधाचा पुरवठा तुटलेला आहे.

अशा वेळी हाताशी असतो तो सॅल्ब्युटामॉलचा पंप. तो काही मिनिटांत नलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतो, चार ते सहा तास आराम पडतो, पण सूज तशीच राहते. म्हणूनच २०१९पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना मोठ्या माणसांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नका असं सांगतात. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून रोजचा पंप टाळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ही भीती खोटी आहे आणि ती जीव घेते.

वीज गेली की वाफेचं यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, बंद पडतं. त्यानं घाबरून जाऊ नये. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावून घेतलेला पंप दम्याच्या बहुतेक झटक्यांत तितकाच काम करतो. स्पेसर नसेल तर अर्धा लिटरची पाण्याची बाटली चालते: बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप घट्ट बसवून कडेनं चिकटपट्टी लावायची, बाटलीचं तोंड ओठांत धरायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिलं की झटका आलेल्या मुलांना अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा सावकाश श्वास. कॅप्सूलमधली पावडर ओढणाऱ्यांनी मात्र जपावं. ओलाव्यानं तिच्या गुठळ्या होतात, आणि ती ओढायला लागणारा जोर झटक्यात उरत नाही.

सोलापूरचा उन्हाळाही औषधाचा शत्रू. पंप साधारण ३० अंशांखाली ठेवायचा असतो. पत्र्याच्या घरात, गाडीत तो ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी महिनाभराचं औषध, डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्पेसर एका बंद प्लॅस्टिक पिशवीत, आधार कार्डाशेजारी ठेवावं.

झटका आला तर रुग्णाला बसतं करावं, चुलीच्या धुरापासून दूर न्यावं आणि बाटलीतून सॅल्ब्युटामॉलचे चार फवारे द्यावेत. उतार नसेल तर पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी पुन्हा. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळे पडले किंवा रुग्ण गुंगायला लागला, तर थांबून बघू नये. लगेच १०८ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवावेत. निवारा उघडतो त्याच दिवशी आशाताईंनी ‘दमा कुणाला आहे, पंप जवळ आहे का’ हे घराघराला विचारून लिहून घेतलं, तर औषध तालुक्याहून पहिल्याच खेपेत मागवता येईल.