पुसलेल्या टेप: पार्श्वभूमी

१९५६ पूर्वी टीव्हीवरचा कार्यक्रम जपायचा तर पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावावा लागे. चित्र धूसर यायचं, म्हणून ही पद्धत कायम दुय्यम मानली गेली.

टेपवर चित्र उतरवताना खरी अडचण वेगाची होती. हेड, म्हणजे टेपवर चित्र उमटवणारा चुंबकीय भाग, एका जागी ठेवून बनवलेल्या ब्रिटिश यंत्रात टेप सेकंदाला २०० इंच पळे, आणि भल्यामोठ्या रिळावर जेमतेम १५ मिनिटं मावत. अमेरिकी अभियंत्यांनी हेडच फिरतं केलं. दोन इंच रुंद टेप सेकंदाला १५ इंच सरके आणि चार हेडची चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेत तिच्यावर आडव्या रेघा ओढे. संकलन करायचं तर टेपवर लोहकणांचा द्रव लावायचा, सूक्ष्मदर्शकातून नेमकी रेघ शोधायची आणि तिथे ब्लेड चालवायचं.

३० नोव्हेंबर १९५६ला न्यूयॉर्कच्या बातम्या अशा टेपवरून पश्चिम किनाऱ्यावर तीन तासांनी दाखवल्या गेल्या. वेळेतला फरक सांभाळणं, एवढ्याचसाठी हे यंत्र घेतलेलं होतं. प्रसारण झालं की टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला.

वाद आहे तो इथे: ब्रिटनमध्येही कार्यक्रम असेच पुसले गेले, ते का? टेप महाग होती, कलाकारांच्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या, रंगीत प्रसारण आल्यावर कृष्णधवल कार्यक्रम कोण घेणार, ही तिथे दिली जाणारी कारणं खोटी नव्हेत. पण टेपच्या किमतीचा मुद्दा अपुरा पडतो. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही सत्तरच्या दशकात फेकल्या गेल्या, आणि फिल्म काही पुसून पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या काटकसरीचा नव्हता. हे जपण्याजोगं आहे असं ठरवणाऱ्यांना वाटतच नव्हतं. हे फेकणं थांबायला १९७८ उजाडलं. तोवर चंद्रावर माणूस उतरला त्या रात्रीचं लंडनच्या स्टुडिओतलं बहुतेक चित्रण गेलं होतं.

जे परत मिळालं त्यातलं बरंच त्याच दुय्यम पद्धतीमुळे. ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचे साठच्या दशकातले हरवलेले भाग आधी हाँगकाँगला आणि पुढे २०१३मध्ये नायजेरियातल्या एका केंद्रात सापडले. ते पडद्यावरून उतरवलेल्या फिल्मवरच होते. घरगुती कॅसेट रेकॉर्डर १९७५-७६ नंतर पसरले. त्यापुढच्या कार्यक्रमांच्या प्रती निदान प्रेक्षकांच्या कपाटात तरी राहिल्या. आधीच्या कित्येक भागांचा मात्र फक्त आवाज उरला आहे, तोही टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून बसणाऱ्या प्रेक्षकांमुळे.